अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांचं ट्रॉमा ट्रेनिंग, कमी सामानात: नाशिकमधून वारंवार येणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांना अपघाताचा पेशंट कसा सांभाळायचा ते मी शिकवतो. १०८ चे डॉक्टर आणि पायलट (म्हणजे ड्रायव्हर) येतात, ट्रस्टच्या गाड्यांवरचे येतात, प्रायव्हेट व्हॅनवाले येतात. ट्रेनिंग झालं की फोनवर प्रश्न सुरू होतात आणि तेच तेच येतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: गाडी सुरू झाली की मागे पेशंटजवळ एकच माणूस असतो, म्हणजे दोन हात. पुस्तकात जे चार जणांनी करायचं म्हणून लिहिलेलं असतं ते आपल्याला या दोन हातांत बसवायचंय.

१. मी नुसता ड्रायव्हर आहे, दहावी पास. हे ट्रेनिंग मला चालेल का, की डॉक्टर-नर्ससाठीच आहे?

चालेल काय, आधी तुम्हीच या. महाराष्ट्रात २०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ एएलएस (जास्त सोयीच्या) आणि ७०४ बीएलएस (साध्या सोयीच्या), आणि त्यांच्यावर पायलटसोबत डॉक्टर असतो. पण ट्रस्टच्या आणि प्रायव्हेट गाड्यांवर कितीतरी वेळा ड्रायव्हर एकटाच असतो हे तुम्हालाही माहितीये. आणि डॉक्टर असला तरी जागेवरची पहिली पाच मिनिटं दोघांची असतात, डॉक्टर श्वास बघतोय तर तेवढ्यात मांडीचं रक्त दाबायचं कोणी? घानामध्ये तर टॅक्सी-ट्रक चालवणाऱ्यांनाच प्रथमोपचार शिकवले, कारण तिथे जखमींना दवाखान्यात तेच नेतात. त्यांना जमलं तर आपल्या पायलट दादांना न जमायला काय झालं. शिक्षणाची अट नाही, हात चालले पाहिजेत आणि क्रम पाठ पाहिजे.

२. आमच्या गाडीत मॉनिटर नाही, व्हेंटिलेटर नाही, सक्शन (तोंडातलं रक्त-उलटी ओढून घेणारं मशीन) बंद पडलंय. मग शिकून काय उपयोग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थकवा असतो, तो मला कळतो. पण एक उदाहरण बघा. १९९७ ते २००१ मध्ये उत्तर इराक आणि कंबोडियात, जिथे सुरुंगाच्या स्फोटात लोक जखमी व्हायचे आणि दवाखाना कित्येक तास लांब होता, तिथे गावातल्या लोकांना आणि काही आरोग्यसेवकांना साध्या गोष्टी शिकवल्या: रक्त थांबवा, श्वास मोकळा ठेवा, ऊब द्या, घेऊन चला. मशीन नव्हतीच. त्या पाच वर्षांत जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १४.९ टक्क्यांवर आलं.

अपघातातला माणूस दवाखान्यात पोचायच्या आधी वाचवता येण्यासारखा असूनही जातो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी, रक्त वाहून किंवा श्वासाचा रस्ता बंद होऊन. या दोन्हींना मॉनिटर लागत नाही. मॉनिटर असावा, त्यासाठी भांडावं, पण तो येईपर्यंत तुमची बोटं पेशंटच्या मनगटावर ठेवा. नाडी लागतेय का, हात गार आहे का, विचारलेल्याला उत्तर देतोय का, एवढ्यावरून खूप कळतं.

३. जागेवर पोचल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

गाडी नीट लावायची. हसू नका, मुंबई-आग्रा हायवेवर राहुड घाटात किंवा कसाऱ्यात रात्री पाऊस पडत असताना मागून येणारा ट्रक थांबेलच असं नाही. गाडी अपघाताच्या थोडी आधी, तिरकी, सगळे दिवे चालू ठेवून लावा आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे बराच लांब ठेवा, दोन पावलांवर नको. डिझेल सांडलंय का, विजेची तार पडलीये का बघा, ग्लोव्हज घाला.

मग पेशंट, आणि क्रम हाच: आधी धो धो वाहणारं रक्त, मग श्वासाचा रस्ता, मग श्वास चालतोय कसा, मग नाडी, मग शुद्ध, मग अंग झाकणं. मोडलेला हात वाकडा दिसतो म्हणून सगळे तिकडेच बघतात आणि खाली मांडीखाली थारोळं साचत असतं. म्हणून पेशंटच्या अंगाखाली हात घालून बघा, ग्लोव्ह लाल झाला का. काळ्या पँटवर आणि साडीच्या घोळात रक्त दिसत नाही.

४. रक्त थांबतच नाही, गाडीत टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळून बांधायचा पट्टा) पण नाही. ओढणी बांधली तर चालेल का?

आधी दाब. थेट जखमेवर, तळहाताने, हात सरळ ठेवून अंगाचा भार टाकून, आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कापूस वर ठेवून पट्टी गुंडाळली म्हणजे दाब दिला असं होत नाही, कापूस रक्त पितो आणि आपल्याला वाटतं थांबलं. जखम खोल असेल, जांघेत, काखेत, तर गॉज किंवा स्वच्छ कापड बोटाने आत तळापर्यंत भरायचं, गच्च, आणि वरून निदान तीन मिनिटं दाबून धरायचं.

हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल, किंवा तुम्ही मागे एकटे आहात आणि दुसरीकडे हात हवेत, तर टूर्निकेट. तयार नसेल तर ओढणी, गमछा, कशाचीही पट्टी करा, चार बोटं रुंद घडी. जखमेच्या वर चार-पाच बोटांवर, म्हणजे ५ ते ७ सेंटीमीटर, पण सांध्यावर नको. एक गाठ मारा, गाठीवर पान्याचा दांडा किंवा मोठा स्क्रूड्रायव्हर ठेवा, वरून दुसरी गाठ, आणि दांडा पिळत जा जोपर्यंत रक्त थांबत नाही, मग दांडा बांधून टाका. नुसती ओढणी हाताने करकचून बांधली तर बहुतेक वेळा पुरेसं आवळत नाही, उलट शिरा तेवढ्या दबतात आणि रक्त वाढतं. दोरी, वायर, बूटाची लेस नको, कातडीत रुततात. पेशंट दुखतंय म्हणून ओरडेल, ते होणारच, आधी सांगून ठेवा.

बांधल्याची वेळ कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहा.

५. टूर्निकेट बांधली की पाय कापावाच लागतो ना? आणि दर १५ मिनिटांनी सैल करायची ना?

दोन्ही नाही. दोन तासांपर्यंत बांधलेली सहसा सुरक्षित असते आणि सैल करायचा निर्णय दवाखान्यात डॉक्टरांचा. मधेमधे सैल केली तर थोडं थोडं करत माणूस रक्त गमावत राहतो. सुरगाण्याच्या आतल्या भागातून निघालात आणि दोन तासांच्या वर लागणार असेल तर १०८ च्या कंट्रोल रूमच्या किंवा पुढच्या दवाखान्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोला, मनाने सोडू नका.

साप चावला असेल तर हे काहीच करायचं नाही. हे ठळक करतोय कारण ट्रेनिंगनंतर एका गावात असं झालं, शिकलेल्या मुलाने सर्पदंशाला टूर्निकेट बांधली. सर्पदंशाला बांधायचं नाही, कापायचं नाही, तो हात किंवा पाय न हलवता निघायचं.

६. बोट कडबाकुट्टीत तुटलं, तुटलेला तुकडा बर्फात टाकू का?

थेट बर्फात नको, गोठून खराब होतो. तुकडा ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. पिशवीवर नाव लिहा. पण आधी माणूस, मग तुकडा. मळ्यात तुकडा शोधण्यात अर्धा तास घालवू नका, घरच्या कोणालातरी शोधायला ठेवून निघा, मागून बाईकवर आणतील.

७. बेशुद्ध माणूस घोरल्यासारखा आवाज करतोय. झोपलाय असं नातेवाईक म्हणतात. काय करायचं?

तो झोपलेला नाही, जीभ मागे पडून श्वास अडतोय. जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बोटं लावून जबडा वर-पुढे उचला, मान मागे न वाकवता. आवाज बंद झाला तर तुम्ही बरोबर आहात. तोंडात रक्त, उलटी, तुटलेला दात दिसत असेल तर काढा, दिसत नसेल तर बोट घालून चाचपडू नका. पाणी पाजायचं नाही. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल हुंगवायची नाही, अजूनही करतात म्हणून लिहितोय.

आता दोन हातांचा प्रश्न. सिन्नरपासून सिव्हिलपर्यंत (नाशिकचं जिल्हा रुग्णालय) जबडा धरून बसलात तर बाकी काहीच करता येणार नाही. ओरल एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची वाकडी नळी) बसत असेल तर बसवा, माप तोंडाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, ओकारी आली तर लगेच काढा. सक्शन बंद असेल आणि तोंडात रक्त येत राहत असेल तर पेशंटला कुशीवर घ्या, डोकं-मान-पाठ एका रेषेत धरून. मणक्याची भीती मला समजते, पण स्वतःच्याच रक्तात गुदमरणारा माणूस पोचेपर्यंत टिकत नाही.

८. कॉलर (मानेचा पट्टा) आणि स्पाईन बोर्ड (पेशंटला सरळ ठेवायची फळी) नसेल तर पेशंटला हलवायचंच नाही का?

हलवायचं, जपून. एकाने डोकं दोन्ही हातांनी धरायचं आणि तोच मोजणी करणार, बाकीच्यांनी त्याच्या आवाजावर एकदम वळवायचं. माणसं कमी असतील तर जमलेल्या गर्दीतून दोघांना बोलवा, काय करायचं ते एका वाक्यात सांगा, लोक मनापासून करतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल किंवा सलाईनच्या बाटल्या लावून कपाळावरून चिकटपट्टी. बोर्ड हा पेशंटला बाहेर काढायला असतो, तासभर त्याच्यावर झोपवून ठेवायला नाही. आणि गाडी पेटायची भीती असेल किंवा श्वास बंद असेल तर कॉलर शोधत बसू नका.

हेल्मेट दोघांनी काढायचं, एक जण खालून मान-जबडा धरणार, दुसरा हेल्मेट दोन्ही बाजूंना ताणून हळू काढणार. पेशंट नीट बोलत असेल, श्वास चांगला असेल आणि तुम्ही एकटे असाल तर घाई नाही.

९. कमरेवरून चाक गेलंय, बाहेरून काहीच दिसत नाही, पण पेशंट पांढराफटक पडतोय.

पेल्विस (कमरेचं हाड) फुटलं असेल असं धरून चाला, आत लिटरभर रक्त सहज साचतं. बेडशीटची एक वीत रुंद घडी करून गुंडाळा आणि घट्ट पिळून बांधा. चुकतं ते इथेच: सगळे पँटच्या बेल्टवर बांधतात. ते खूप वर झालं. मांडीचं हाड खुब्यात बाहेरून जिथे हाताला टणक लागतं त्या लेव्हलला बांधायचं. गुडघे एकत्र बांधा. कंबर दाबून, हलवून बघू नका, धरलेली गुठळी सुटते.

१०. सलाईन दोन्ही हातांत फुल सोडायची ना?

नाही. पूर्वी तसंच शिकवायचे, पण पाण्याने प्रेशर वाढवलं की धरलेली गुठळी निघते, रक्त पातळ होतं, पेशंट गार पडतो. मनगटाची नाडी लागतेय आणि पेशंट बोलतोय तर घाई नको. डोक्याला मार असेल तर मात्र उलट, तिथे प्रेशर पडू द्यायचं नाही, वरचं ११० च्या आसपास राहिलं पाहिजे. हा फरक ट्रेनिंगमध्ये आम्ही परत परत घोकून घेतो. जागेवर सुई लावण्यात दहा मिनिटं घालवू नका, लावायची तर चालत्या गाडीत.

डॉक्टर सोबत असतील आणि गाडीत ट्रॅनेक्सा (रक्तस्राव कमी करायचं औषध) असेल तर त्याचा विचार त्यांनी करावा. २०१० साली वीस हजारांवर पेशंटवर झालेल्या क्रॅश-२ अभ्यासात कळलं की हे औषध लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, आणि तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान दिसलं. म्हणून अपघाताची वेळ विचारून लिहिणं हे ड्रायव्हरचंही काम आहे. औषध स्वस्त आहे.

११. ऑक्सिजन सिलेंडर रस्त्यातच संपला. आधी कसं कळणार?

बी टाईप सिलेंडर भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर १५० मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर ७५. मास्क कमी फ्लोवर चालत असेल तर जास्त. आता तुमचा रस्ता बघा, पेठहून कोटंबी घाटातून नाशिक, की हरसूलहून त्र्यंबकमार्गे, आणि त्यात ट्रॅफिकचा अर्धा तास धरा. ही भागाकाराची गोष्ट ड्युटी सुरू होताना करायची, पेशंट आत आल्यावर नाही. की, म्हणजे सिलेंडर उघडायची चावी, दोरीने सिलेंडरलाच बांधून ठेवा.

१२. उन्हाळ्यात पण ब्लँकेट?

हो. रक्त गेलेला माणूस मे महिन्यातही गार पडतो आणि गार पडला की रक्त गोठत नाही. ओले कपडे काढा, अंगावर ब्लँकेट, खाली पण काहीतरी घाला, एसी बंद. इगतपुरी-घोटीच्या पावसात तर हे औषधाइतकंच महत्त्वाचं. घरची जुनी गोधडी चालते.

१३. पाड्यावर गाडी जात नाही. लोक झोळीत आणतात. त्यांना काय सांगू?

फोन आला की निघता निघताच सांगा, तेवढा वेळ वाया घालवू नका. कुठून रक्त येतंय विचारा, तिथे कोणाला तरी दाबून धरायला लावा आणि चालतानाही सोडू नका म्हणून सांगा. बेशुद्ध असेल तर कुशीवर. झोळीत माणूस कमरेत वाकतो, म्हणून पाठीला लागलेलं असेल तर दाराची फळी किंवा खाट मागवा, दोन बांबूंवर घोंगडी ताणली तरी झोळीपेक्षा सरळ राहतो. सुरगाणा-पेठच्या भागात आशाताई आणि पाड्यावरचे दोन-तीन तरुण यांना शिकवून ठेवणं हे गाडीत एक मशीन वाढवण्यापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं, कारण पहिला तास त्यांच्याच हातात असतो (प्रश्न २ मधलं उदाहरण हेच सांगतं).

१४. मॅनिकिन (सरावाचा पुतळा) लाखाचं येतं. आम्ही सराव कशावर करायचा?

आम्ही गादीतला फोम वापरतो. विटेएवढा तुकडा, त्याला चाकूने खोल चीर, चिरेच्या तळाशी सलाईन सेटची नळी, आणि बाटलीत खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी. बाटली कडुनिंबाच्या फांदीला टांगायची आणि सेट पूर्ण उघडायचा. गेल्या बॅचला एक पायलट दादा, वीस वर्षं गाडी चालवलेले, वरून गॉजचा गठ्ठा ठेवून दाबत होते आणि पाणी कडेने येतच होतं, फरशीवर ओघळ. मग त्यांना म्हटलं बोट आत घाला, नळीचं तोंड शोधा. त्यांनी गॉजची टोकं बोटाने एकेक करत आत सारली, अंगठ्याने दाबत, दातओठ खाऊन, आणि एका क्षणी ड्रिप चेंबरमधले थेंब थांबले. ते बराच वेळ त्या चेंबरकडेच बघत होते. हात काढा म्हटलं तरी काढेनात.

बाकी सगळं असंच. पेशंट म्हणून आपल्यातलाच एक झोपतो, त्याला कानात सांगायचं तू घोरायचंस, तू ओरडायचंस. सराव गाडीच्या आत, दार बंद करून, चालत्या गाडीत, एकट्याने करायचा. हॉलमध्ये टेबलावर सगळ्यांना येतं.

१५. एकदा सर्टिफिकेट मिळालं की किती वर्षं चालतं?

कागद चालेल, हात नाही चालत. हाताची कौशल्यं तीन ते सहा महिन्यांत विसरायला लागतात. दोन वर्षांतून एकदा तीन दिवस बसण्यापेक्षा महिन्यातून एकदा ड्युटी बदलताना वीस मिनिटं, एकच गोष्ट. या महिन्यात टूर्निकेट, पुढच्या महिन्यात अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). आणि अवघड कॉल झाला की दोघांनी गाडी धुताना बोलायचं, काय जमलं काय राहिलं, कोणाची चूक यावर नाही.

१६. बस उलटली, वीस जखमी आणि मी एकटा. कोणाला आधी?

उपचार सुरू करू नका. आधी फोन, किती जखमी, कुठे, अजून गाड्या पाठवा. मग मोठ्याने म्हणा, ज्यांना चालता येतं त्यांनी त्या झाडाखाली या. ते हिरवे (रंग म्हणजे कोणाला आधी त्याची खूण: लाल आधी, मग पिवळे, मग हिरवे, काळा म्हणजे गेलेला). उरलेल्यांकडे प्रत्येकी अर्धा मिनिट: श्वास नाही आणि तोंड मोकळं केलं तरी येत नाही तो काळा, श्वास मिनिटाला ३० च्या वर किंवा मनगटाला नाडी नाही किंवा सांगितलेलं करत नाही तो लाल, बाकी पिवळे. मधे फक्त धो धो रक्त थांबवायचं आणि श्वासाचा रस्ता उघडायचा, एवढंच. जो सगळ्यात जास्त ओरडतोय त्याचा श्वास तरी चालू आहे, गप्प पडलेल्याकडे जा.

आपल्या जिल्ह्याने हे पाहिलंय. जानेवारी २०२० मध्ये देवळ्याजवळ मेशीला एसटी आणि रिक्षा विहिरीत गेली, ऑक्टोबर २०२२ मध्ये औरंगाबाद रोडला बस पेटली. आणि २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. चेंगराचेंगरीत रक्त दिसत नाही, छाती दाबून श्वास थांबतो, म्हणून तिथे रक्ताआधी श्वास बघायचा. २०२७ चा कुंभ जवळ आलाय, हा सराव आत्ताच करायचाय.

१७. जवळच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्यायचं की थेट सिव्हिलला?

रक्त तुम्हाला थांबवता येतंय आणि श्वास मोकळा आहे तर जिथे ऑपरेशन होईल तिथे थेट. श्वास सांभाळता येत नाही, रक्त थांबत नाही, तर वाटेतलं ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथे तेवढं करून पुढे. निघतानाच पुढे फोन करा. उतरवून देताना चार गोष्टी, अर्ध्या मिनिटात: काय घडलं आणि किती वाजता, काय काय लागलंय, आत्ता कसा आहे, आपण काय केलं. एकदा एका दवाखान्यात माझ्याकडून कोणी ऐकूनच घेतलं नाही, टूर्निकेट चादरीखाली राहिली आणि बऱ्याच वेळाने लक्षात आली. तेव्हापासून मी चादर बाजूला करून, हात लावून दाखवतो.

१८. पोलीस केस आहे, पैसे कोण भरणार, असं म्हणून दवाखान्याने परत पाठवलं तर?

१९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आधी जीव, कागद नंतर. मदत करणाऱ्या सामान्य माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए चं संरक्षण आहे, त्यामुळे गर्दीतल्या मदतनीसांना हे सांगून धीर द्या. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघाताच्या जखमीला यादीतल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार आहे. आपल्या रूटवरचे असे दवाखाने आजच शोधून त्यांचे नंबर गाडीत चिकटवा.

१९. पोटात सळई घुसलीये आणि ती इतकी लांब आहे की गाडीचं दार लागत नाही. काढू का?

काढायची नाही. तीच आतली नस दाबून धरून असते. दोन्ही बाजूंनी कापडाची जाड गुंडाळी रचून ती हलणार नाही अशी पक्की करा. जानेवारी २०२५ मध्ये द्वारका फ्लायओव्हरवर सळयांचा ट्रक आणि पिकअपचा अपघात झाला, त्यानंतर हा प्रश्न खूप आला. लांब असेल तर फायर ब्रिगेडला बोलवा, ते बाहेरच्या बाजूने कापतील, कापताना सळई अंगाजवळ दोघांनी धरायची आणि ओल्या कापडाने गार ठेवायची, कारण कटरने लोखंड तापतं. काढायची वेळ फक्त तेव्हा येते जेव्हा ती गालातून तोंडात गेलीये आणि श्वासच अडवतेय.

२०. सात-आठ महिन्यांची गरोदर बाई, अपघात झालाय. काही वेगळं?

क्रम तोच, प्रश्न ३. फक्त पाठीवर सपाट झोपवू नका, पोटाच्या भाराने मोठी शीर दाबली जाते आणि प्रेशर पडतं. डावीकडे थोडं कलतं ठेवा. बोर्डवर असेल तर बोर्डच्या उजव्या कडेखाली ब्लँकेटची घडी सारा. आणि तिचं प्रेशर, नाडी बराच वेळ ठीक दिसत राहते आणि मग एकदम घसरते, तोवर बाळाला त्रास सुरू झालेला असतो, म्हणून ताई बरी दिसते म्हणून वाटेत थांबायचं नाही. ऑक्सिजन लावा, खालून रक्त किंवा पाणी जातंय का तिला विचारा, आणि निघतानाच जिथे सर्जन आणि बाळंतपणाचे डॉक्टर दोघं आहेत तिथे फोन करा.